मधून जाणारी वाट

आत्या पणजीत सांताइनेजला राहायची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं सावंतवाडीहून एसटीनं तिच्याकडे थडकायचो. दुपारी तिच्या दोन खोल्यांत पंखासुद्धा गरम हवाच फिरवायचा. साडेपाचचा चहा झाला की ती पदर खोचायची, पर्स काखेत मारायची आणि म्हणायची, "चला रे, वाऱ्याला."

वाऱ्याला म्हणजे कांपालला. जुन्या झाडांखालून चालत जायचं, हमरस्ता ओलांडायचा, एका बसक्या, तांबड्या चिऱ्याच्या इमारतीत शिरायचं आणि पलीकडून मांडवीवर निघायचं. शिरायचं म्हणतानाही चुकल्यासारखं वाटतं, कारण दार ढकलल्याचं किंवा उंबरा ओलांडल्याचं काहीच आठवत नाही. आधी डोक्यावर तुळयांची जाळी यायची आणि तिच्या सावलीचे पट्टे अंगावरून सरकायचे. मग पूर्ण छप्पर यायचं, चपलेखालची फरशी गार लागायची. आजूबाजूला कुठे कार्यक्रमांचे फलक, कुठे जिना, कुठे घोळक्यानं बोलत उभी माणसं. आणि समोर, आरपार, पाणी.

एका संध्याकाळी तिथे नाटकाची गर्दी होती. इस्त्रीच्या शर्टातली माणसं, गजरे माळलेल्या बायका, खिडकीपाशी रांग. मी बिचकून थांबलो. म्हटलं, "आत्या, आपल्याकडे तिकीट नाही." ती चालता चालताच म्हणाली, "तिकीट नाटकाला. आपण कुठे नाटकाला चाललोय?" आणि त्या गर्दीतून वाट काढत आम्हाला नदीकडे घेऊन गेली. कोणी हटकलं नाही. दाराशी उभ्या माणसानं तर मानही वळवली नाही. त्याचं काम नाट्यगृहाच्या दारापुरतं होतं, अलीकडची वाट त्याच्या अखत्यारीत नव्हती.

पुढे वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला असताना वर्गात अंधार करून स्लाइड्स दाखवत होते. एक प्लॅन पडद्यावर आला आणि मास्तर बोलायच्या आत मला ओळख पटली. ही ती जागा. इथून वळलं की पायऱ्या, तिथे आत्याचा नेहमीचा कट्टा. कागदावरचा प्लॅन पायांनी ओळखण्याचा तो माझा पहिला अनुभव. त्याआधी मी प्लॅन म्हणजे चित्र समजायचो.

गोव्यात सरकारनं १९७० साली कला अकादमी स्थापन केली आणि तिच्या इमारतीचं, म्हणजे आमच्या त्या कांपालच्या इमारतीचं, काम वास्तुविशारद चार्ल्स कोरियांकडे आलं. जन्म सिकंदराबादचा, १९३० चा, पण घराणं मूळ गोव्याचं. इमारत उभी राहायला १९८३ उजाडलं. मागणी काही साधी नव्हती. हजारेक आसनांचं बंदिस्त नाट्यगृह हवं होतं, ज्याला पुढे दीनानाथ मंगेशकरांचं नाव मिळालं. मंगेशीच्या मुलाला पणजीत याहून योग्य स्मारक सुचलं नसतं. सुमारे दोन हजार माणसं बसतील असं खुलं प्रेक्षागृह हवं होतं, प्रायोगिक नाटकांसाठी छोटं नाट्यगृह हवं होतं, आणि यांच्या जोडीला भारतीय संगीत-नृत्य, पाश्चात्य संगीत आणि नाटक शिकवायचे वर्ग. तबला, व्हायोलिन आणि तालमीतला आरडाओरडा एकाच छपराखाली नांदवायचा होता.

असं काम आजच्या एखाद्या ऑफिसात आलं तर पहिलं रेखाचित्र काय निघेल ते मी डोळे मिटून सांगतो. मध्यभागी नाट्यगृहाचा डोंगर, पुढे काचेचा दर्शनी भाग, त्यापुढे कारंजं, कारंज्याला रेलिंग, रेलिंगला पाटी. नदी मागच्या बाजूला, म्हणजे जनरेटर, कचऱ्याचे डबे आणि कॅन्टीनच्या मोऱ्यांच्या नशिबी. कोरियांनी तो सगळा पसारा दोन-तीन मजल्यांच्या उंचीत, जमिनीलगत आडवा पसरवला आणि त्यातून रस्त्याकडून नदीकडे जाणारी वाट मोकळी ठेवली. मुख्य फॉयर, म्हणजे नाट्यगृहाबाहेरचं दालन, त्या वाटेतच. नाट्यगृहाचं दार वाटेला लागून, जिने वाटेवरून, आणि कॅन्टीन नदीच्या बाजूला, जिथे चहाचा कप हातात धरून समोर बेतीचा किनारा आणि लांबवर रेईश मागूसचा किल्ला बघत बसता येतं. म्हणजे शिकायला येणारी पोरं, नाटक बघायला येणारे लोक आणि वाऱ्याला येणारी माझी आत्या, सगळे एकमेकांच्या अंगावरून जाणार. कोणासाठी वेगळी वाट नाही.

कोरियांचा एक आवडता सिद्धांत होता. आपल्यासारख्या उष्ण हवेत खोली आणि अंगण यांच्यामध्ये किती तरी पायऱ्या असतात: ओटी, पडवी, मांडव, झाडाखालचा पार. दिवसाच्या आणि वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी माणूस यातली हवी ती पायरी निवडतो. थंड देशांतल्या इमारतीला एक तर आत असावं लागतं नाही तर बाहेर, आपल्याला ती सक्ती नाही. हे त्यांनी अहमदाबादच्या साबरमती आश्रमातल्या गांधी संग्रहालयात १९६३ सालीच करून दाखवलं होतं. पण पणजीत पावसाळ्यात जवळजवळ ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही आडवा. तिथे नुसतं आकाश उघडं ठेवून भागत नाही. म्हणून ती जाळी, मग खोल छप्पर, मग पुन्हा उघडं. पाऊस आला की लोक दहा पावलं मागे सरकतात, थांबला की दहा पावलं पुढे. इमारत तेवढी ये-जा गृहीत धरते.

नाट्यगृहाच्या आत एक गंमत आहे. भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी प्रेक्षक रंगवलेत. सज्जात बसलेले, कुजबुजणारे, आपल्याकडे पाहणारे, सगळे अस्सल मारिओछाप. जुन्या नाटकघरांत सज्जे असायचे तसे सज्जे, फक्त रंगाचे. मी पहिल्यांदा ते बघितले तेव्हा हसलो होतो. नंतर लक्षात आलं की रिकाम्या नाट्यगृहात तालीम करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही केवढी सोय आहे. समोर हजार रिकाम्या खुर्च्या असल्या तरी बाजूला कोणीतरी बसलेलं असतंच. आणि त्यांच्याकडेही तिकीट नसतं.

आता थोडं धंद्याचं बोलतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या कामात 'मोकळी जागा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक नियमातली मोकळी जागा. भूखंड मोठा असला, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक, तर साधारण १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. शिवाय चारी बाजूंनी सामासिक अंतरं, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यामध्ये सोडायची जागा. ही जागा नकाशावर हिरव्या रंगानं भरतात, आणि ती नेहमी त्या कोपऱ्यात सापडते जिथे दुसरं काहीच बसत नव्हतं. तिथे दोन बाकं, एक घसरगुंडी आणि कुलूप. दुसरी मोकळी जागा म्हणजे पार, घाट, देवळाचा सभामंडप. ती कोणी 'सोडलेली' नसते. ती कुठेतरी जायच्या वाटेवर असते. वाईला घाटावर लोक घाट बघायला नाही जात. नदीवर जायचं असतं, आणि मध्ये पायऱ्या येतात. मग पायऱ्यांवर कपडेही वाळतात आणि कीर्तनही होतं.

गोव्याच्या देवळांत जत्रेला गावकरी स्वतः मराठी नाटकं बसवतात. त्या गावांतल्या माणसाला नाटक कुठे शिकलास असं विचारलं तर तो संस्थेचं नाव सांगणार नाही, देवळाच्या आवाराकडे बोट दाखवेल. तालमी सगळ्यांच्या देखत. पोरं खांबाला टेकून बघतात, चार वर्षांनी त्यातलाच एक आत असतो. आपल्याकडे कलाशिक्षणाला भिंती फार उशिरा आल्या. गाणं गुरूच्या घरात होतं, नाटक देवळाच्या आवारात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, वेळापत्रक, फळा मिळाला. ते फार मोठं काम होतं, त्यानं घरंदाज मुलामुलींना गाणं खुलं झालं. पण वर्ग आला की दार आलं, आणि दार आलं की पुढे कधीतरी वॉचमन येतोच.

म्हणून कलाशाळेच्या इमारतीबद्दल विचार करताना मी चित्रकलेचा वर्ग उत्तरेच्या उजेडाला आणि नाचाचा वर्ग लाकडी जमिनीवर वगैरे आधी बघत नाही. ते पुस्तकात असतं. मी आधी बघतो की या जागेवरून लोकांना एरवी कुठे जायचं असतं. बाजारातून तळ्याकडे? स्टँडवरून शाळेकडे? त्या वाटेवर इमारत बसवता आली तर अर्धं काम झालं. वाटेपासून पन्नास फूट आत सरकली तर कितीही सुंदर चौक करा, तो रिकामा राहणार आणि उद्घाटनाच्या दिवशीच काय तो भरणार.

कोरियांच्याच दोन इमारतींत हा फरक मला दिसला. भोपाळचं भारत भवन १९८२ चं, मोठ्या तलावाच्या काठच्या उतारावर. रस्त्यावरून गेलं तर इमारत जवळपास दिसतच नाही. आपण बागेत शिरलो असं वाटतं आणि थोड्या वेळानं कळतं की आपण छपरावर चालतोय. मग पायऱ्या, खाली एक चौक, आणखी पायऱ्या, आणखी खाली चौक, आणि त्या चौकांच्या कडेनं चित्रांची दालनं, रंगमंडळ, कवितेचं केंद्र. उतार तळ्याकडे जातो, म्हणून पायही तिकडेच जातात. इमारत फक्त उताराच्या अधेमधे घुसून बसली आहे. जयपूरचं जवाहर कला केंद्र कागदावर याहून देखणं. जयपूर शहराच्या आखणीसारखे, नवग्रहांचे म्हणून नऊ चौकोन, प्रत्येकी ३० मीटरचा, त्यातला एक बाजूला फिरवलेला, मधला आकाशाला उघडा. पण तिथे शहर सहज जाता जाता आत येत नाही. भिंती उंच, आपण ठरवूनच आत जावं लागतं. तरी मी गेलो तेव्हा गर्दी होती, आणि ती होती इंडियन कॉफी हाऊसमध्ये. नवग्रहांपेक्षा कॉफीचा ग्रह बलवान निघाला. यात मला काही कमीपणा वाटत नाही. चहा-कॉफी मिळत नसेल तर मोकळ्या जागेत माणूस वीस मिनिटांच्या वर टिकत नाही, हे कला अकादमीच्या कॅन्टीनला बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ ची. तिच्या दारावरच्या काँक्रीटच्या लाटेसारख्या छपराखाली पावसात कितीतरी माणसं उभी राहतात ज्यांना चित्रांशी काही घेणंदेणं नाही. आणि बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले. त्या फुटपाथवर मी आयुष्यात जितकी चित्रं नीट बघितली तितकी आतल्या भिंतींवर नाही. आत आवाज न करता चालावं लागतं.

तर, माझी गोष्ट. बारा वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या गावात कला संकुलाचं काम आलं. गावाचं नाव नको. भूखंड ५,२०० चौरस मीटर, एका बाजूला बाजारपेठेचा रस्ता, दुसऱ्या बाजूला जुना तलाव. मी भूखंड बघितला आणि मला मांडवीच दिसायला लागली. लोक आधीच त्या पडीक जागेतून तलावाकडे जात होते, गवतात पायवाट पडली होती. मी त्या पायवाटेवरच सात मीटर रुंद वाट आखली. एका बाजूला साडेतीनशे आसनांचं सभागृह, दुसऱ्या बाजूला गाण्याचे, तबल्याचे, नाचाचे, चित्रांचे वर्ग, आणि शेवटी तलावाकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या, ज्यांच्यावर संध्याकाळी कार्यक्रमही होईल. मध्ये एक करंज होता, तो तसाच ठेवला आणि त्याच्याभोवती पार.

क्षेत्रफळाच्या तक्त्यात या वाटेला नाव नव्हतं. सल्लामसलतीच्या पहिल्याच बैठकीत एकानं बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "वाट." "हिचं क्षेत्रफळ कशात धरलंय?" ज्याला नाव नाही त्याला अंदाजपत्रकात पैसे नाहीत, हे मला तोवर कळलेलं होतं. पुढच्या बैठकीला मी तिला 'सराव क्षेत्र क्र. ९' असं नाव दिलं आणि ती मंजूर झाली. अजूनही कागदोपत्री ती सराव क्षेत्र क्र. ९ आहे.

पण मी तुम्हाला सगळा दोष समोरच्यांच्या माथी मारून सांगणार नाही, कारण सगळ्यात मोठी चूक माझीच होती. मी नाचाचे दोन्ही वर्ग तळमजल्यावर, वाटेला लागून ठेवले होते आणि खिडक्यांच्या कठड्याची उंची फक्त ६० सेंटिमीटर धरली होती. कल्पना अशी की बाजारातून पिशवी घेऊन जाणारी बाई थांबेल, पोरींचे तत्कार बघेल, आपल्या मुलीला पाठवायचं मनात येईल. चित्रात मी तशी पिशवीवाली बाई काढलीही होती. त्या गावात वीस वर्षं कथक शिकवणाऱ्या एका बाईंना नकाशे दाखवायला नेले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, तुम्ही कधी काही शिकलात का? म्हणजे वाजवायला, नाचायला?"

मी म्हटलं, नाही.

"मग तुम्हाला कळणार नाही. पहिली दोन वर्षं पोरी चुकतात. तोल जातो, पदर सुटतो, रडतात. मला ओरडावं लागतं. ते सगळं दुकानाच्या शोकेससारखं बाहेरच्यांना दाखवायचं? आणि खिडकीबाहेर कोण थांबेल असं वाटतं तुम्हाला, पिशवीवाली बाई? अहो, कॉलेजची पोरं थांबतील. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या पोरींचे आईबाप नाव काढून घेतील."

मी गप्प बसलो. वाट मोकळी हवी म्हणता म्हणता मी शिकणाऱ्यांची आडोशाची जागाच काढून घेतली होती. सभामंडपात तालीम सगळ्यांदेखत होते खरी, पण ती गावातल्याच माणसांदेखत, आणि ती नाटकाची तालीम असते, पहिल्या धड्याची नव्हे. कोणाच्या देखत आणि कुठल्या टप्प्यावर, हा फरक माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या नकाशात, कुठेच नव्हता. मग मला पणजीचं आठवलं. तिथे वाटेनं जाताना कुठूनतरी व्हायोलिनची सरगम यायची, एकच ओळ पुन्हा पुन्हा, अडखळत. वाजवणारा कधी दिसला नाही. दिसत नव्हता म्हणूनच ऐकायला मजा येत होती, आणि त्यालाही बहुधा आम्ही दिसत नव्हतो.

मग नाचाचे वर्ग पहिल्या मजल्यावर गेले. खिडक्या उंचावर, त्यांना लाकडी झडपा, झडपा आतून उघडायच्या. म्हणजे कधी ऐकवायचं आणि कधी नाही ते बाईंच्या हाती. तळमजल्यावर वाटेलगत चित्रांचे आणि शिल्पाचे वर्ग आले, कारण मातीच्या गोळ्याशी झटणाऱ्या मुलाला कोणी बघत असलं तर त्याला फरक पडत नाही, त्याचं लक्ष मातीत असतं. आणि सगळ्यात उपयोगी सूचना बाईंनी निघता निघता केली: "वाट कराल ते करा, पण बाहेरून जाता येईल असं बायकांचं स्वच्छतागृह ठेवा. नाही तर संध्याकाळी तिथे फक्त पुरुष दिसतील." मोकळ्या जागांवरची जितकी व्याख्यानं मी ऐकलीत, त्यात हे वाक्य कधी आलं नव्हतं. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि पाय खाली टेकतील अशी ४५ सेंटिमीटर उंचीची बैठक: आत्या रोज संध्याकाळी अर्धा तास कुठे बसू शकायची याचं उत्तर बरंचसं यात आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते कोणत्याही सरकारी कामासारखंच झालं. खर्च वाढला. पायऱ्यांचे तीन टप्पे कमी झाले. रात्री दारुडे बसतील म्हणून वाटेच्या दोन्ही तोंडांना सरकती लोखंडी दारं आली. मी म्हटलं, किमान सकाळी सहा ते रात्री नऊ उघडी ठेवा. मान्य झालं, म्हणजे इतिवृत्तात लिहिलं गेलं. पार्किंग अपुरं पडेल म्हणून पाराची एक बाजू कापली. करंज वाचला. इमारतीचं उद्घाटन झालं त्या दिवशी वाटेत लाल गालिचा अंथरला होता, आणि तलावाकडची बाजू कापडी मांडव घालून बंद केली होती, व्यासपीठामागे पार्श्वभूमी नीट दिसावी म्हणून.

त्याच सुमारास पणजीतून बातम्या यायला लागल्या. २०१९ मध्ये कला अकादमीचा भाग पाडण्याची भाषा झाली, वास्तुविशारद आणि कलाकार विरोधात उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. शेवटी पाडण्याऐवजी दुरुस्ती ठरली आणि २०२१ मध्ये इमारत बंद झाली. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असताना, एका रात्री खुल्या प्रेक्षागृहाच्या रंगमंचावरचं छत कोसळलं. आत कोणी नव्हतं. नोव्हेंबरमध्ये इमारत पुन्हा उघडली, आणि मग ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेबद्दल कलाकारांच्या जाहीर तक्रारी सुरू झाल्या. या सगळ्या वादात नाट्यगृहाचा आवाज, खुर्च्या, गळती यांवर रकानेच्या रकाने भरून आले, आणि ते योग्यच आहे, नाट्यगृह आधी नाट्यगृह म्हणून नीट असलं पाहिजे. वाटेबद्दल मात्र फारसं कोणी लिहिलं नाही. मधल्या काळात मी एकदा तिथे गेलो होतो. कांपालच्या झाडांखाली उभं राहून समोर बघितलं तर पत्रे. पत्र्यांच्या वरून नदीचा वारा येत होता, नदी दिसत नव्हती.

आत्या आता फोंड्याला मुलाकडे असते. ऐंशी उलटलीय, ऐकू कमी येतं. घरी परतल्यावर मी तिला फोन केला.

"आत्या, कला अकादमी बंद आहे गं. पत्रे ठोकलेत."

"कसली अकादमी?"

"अगं, आपण जायचो ती. कांपालची. जिथून नदीवर जायचो."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तिथे इमारत होती होय रे? आपण नदीवर जायचो." आणि मग एकदम, "हां, तो चिऱ्याचा मांडव! तो बंद केला? मग वाऱ्याला लोक कुठून जातात?"

मी कोरियांना कधी भेटलो नाही, २०१५ मध्ये ते गेले. पण ही गोष्ट त्यांना सांगायला हवी होती असं मला फार वाटतं. इतकी वर्षं रोज त्या इमारतीतून गेलेली बाई, तिला इमारत आठवत नाही. सावली आठवते, बसायची जागा आठवते.

गेल्या पावसाळ्यात मी त्या गावी गेलो होतो, दुसऱ्याच कामासाठी. दुपारचे चार वाजले होते. बाजाराच्या बाजूचं लोखंडी दार अर्धं सरकवलेलं होतं आणि त्याच्या आत, वाटेच्या बरोबर मध्यावर, वॉचमन प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता. पाय दुसऱ्या खुर्चीवर, डोळे मिटलेले. वर कुठेतरी तबल्याचा वर्ग चालू होता, कोणी लहान मूल असावं, 'धा धिं धिं धा' चौथ्या मात्रेला अडखळून पुन्हा पहिल्यापासून येत होतं. तलावाकडून वारा येत होता, सात मीटरच्या त्या फटीतून जसा यायला हवा तसाच.

माझ्या पावलांनी तो जागा झाला.

"कोणाला भेटायचंय?"

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "पलीकडे जायचंय. तलावावर."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून तलावाकडे बघितलं, जणू तो अजून तिथे आहे ना याची खात्री करत होता. मग उठायचा कंटाळा करत, बसल्या बसल्याच खुर्ची जरा बाजूला सरकवली.